‘घर सांभाळून’ या शब्दांचे वय

वाचकाचे पत्र :

“मी ४२ वर्षांची आहे. एका खासगी संस्थेच्या हिशेब विभागात १६ वर्षे काम करते आहे. आता मला विभागप्रमुखपद देऊ केले आहे. पगार वाढेल, पण दर महिन्याला चार-पाच दिवस बाहेरगावी जावे लागेल. सासूबाई म्हणाल्या, ‘बाईनं घर धरून राहायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ते मोडून कुणाचं भलं झालं नाही.’ माझी १७ वर्षांची मुलगी चिडून म्हणाली, ‘कायद्यानं सगळे समान आहेत, मग विचारायचंच कशाला?’ यजमान रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, ‘घर सांभाळून जमत असेल तर कर.’ मला तिघांचेही थोडे पटते आणि कोणाचेच पूर्ण पटत नाही. बाईची भूमिका खरोखर कोण ठरवते, संस्कृती की सरकार आणि कायदा? मुलीला मी काय सांगू? आणि हे पद घ्यावे का? महिनाअखेरीपर्यंत उत्तर द्यायचे आहे.”

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील तीन वाक्यांपैकी दोन ठामपणे बोलली गेली आहेत आणि एक हळू आवाजात. मी त्या हळू आवाजातल्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण माझ्या मते तुमचा पाय तिथेच अडकला आहे. “घर सांभाळून जमत असेल तर कर” हे तुमच्या यजमानांचे वाक्य ऐकायला सौम्य आहे. त्यात संमती आहे, तुमच्या क्षमतेवर विश्वासही आहे, आणि ते बोलताना त्यांच्या मनात काही वावगे नसणार असे मी धरून चालते. पण जवळजवळ याच आशयाचे वाक्य एका औद्योगिकदृष्ट्या अत्यंत पुढारलेल्या देशाच्या कायद्यात होते, हे तुम्हाला सांगितले पाहिजे. पश्चिम जर्मनीच्या नागरी संहितेत १९५८ पासून अशी तरतूद होती की, विवाह आणि कुटुंब यांतील कर्तव्यांशी मेळ बसत असेल तेवढ्यापुरताच पत्नीला अर्थार्जन करण्याचा अधिकार आहे. ही तरतूद त्या वेळी सुधारणा म्हणून आली होती, कारण त्याआधी पती न्यायालयाच्या मंजुरीने पत्नीच्या वतीने परस्पर तिची नोकरी संपवू शकत असे. १ जुलै १९७७ रोजी नवा विवाह कायदा लागू झाला आणि ती अट गेली. पतीने आपली नोकरी घरातील कर्तव्यांशी जुळवून घ्यावी, असे मात्र त्या संहितेने त्याला कधीच सांगितले नव्हते. तुमच्या घरात बोलले गेलेले वाक्य स्वाभाविक वाटते, कारण ते आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकलेले असते. तरीही ते कुठेतरी, कोणीतरी, एका विशिष्ट वर्षी शब्दांत मांडले होते, आणि दुसऱ्या एका वर्षी ते खोडलेही गेले.

जर्मनीचे उदाहरण मी मुद्दाम घेतले, कारण संस्कृती की राजकारण या तुमच्या प्रश्नाची जणू परीक्षाच त्या भूमीवर झाली. १९४९ मध्ये एका समाजाची दोन राज्ये झाली. दोन्हीकडे भाषा एक, धर्माचा वारसा एक, आजीने सांगितलेल्या गोष्टी एक. पश्चिमेकडे वरील कायदा होता, लहान मुलांसाठी पाळणाघरे जवळपास नव्हती आणि शाळा दुपारी सुटत असत, त्यामुळे घरी कोणीतरी असलेच पाहिजे हे गृहीत होते. मूल दुसऱ्याकडे सोपवून कामावर जाणाऱ्या बाईला लोक ‘डोमकावळीण आई’ म्हणत. पूर्वेकडच्या राज्याने १९५० मध्येच माता, बालक आणि स्त्रियांचे हक्क यांविषयी कायदा केला, पुढे जागोजागी पाळणाघरे उघडली आणि बाईने पूर्ण वेळ काम करणे हीच सामान्य गोष्ट ठरवली. यामागे समतेचे तत्त्वज्ञान होते आणि तितकीच निकडही होती. युद्धात पुरुष मारले गेले होते, अनेक जण पश्चिमेकडे निघून गेले होते आणि कारखान्यांना हात हवे होते. १९८९ पर्यंत पूर्वेकडील कामाच्या वयाच्या सुमारे ९० टक्के स्त्रिया नोकरीत किंवा शिक्षण-प्रशिक्षणात होत्या, तर पश्चिमेत निम्म्याहून थोड्या अधिक. एकाच आजीच्या दोन नाती, एक सीमेच्या अलीकडे आणि एक पलीकडे, ‘चांगली आई’ या शब्दांचा वेगवेगळा अर्थ मनापासून खरा मानत होत्या. १९९० मध्ये राज्ये पुन्हा एक झाली, कायदे एक झाले. तरीही पूर्वेकडच्या आया आजही पश्चिमेकडच्या आयांपेक्षा अधिक प्रमाणात पूर्ण वेळ काम करतात. जे राज्यकर्त्यांनी निकडीपोटी सुरू केले, ते चाळीस वर्षांत तिथल्या लोकांच्या अंगवळणी पडले आणि राज्य गेल्यावरही संस्कृती म्हणून उरले.

सासूबाईंच्या म्हणण्याला माझे उत्तर एवढ्यात आले असते. पण मुलीलाही सांगण्यासारखी एक गोष्ट याच इतिहासात आहे. पूर्व जर्मनीत नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रीला १९५२ पासून महिन्यातून एक दिवस भरपगारी सुटी मिळे. तिला ‘गृहकाम दिन’ म्हणत. धुणे, साफसफाई, दुरुस्त्या, रांगेत उभे राहून करायची खरेदी, अशी तुंबलेली कामे उरकण्यासाठी ही सुटी होती. पुढे ती आणखी काही स्त्रियांना मिळू लागली, पुरुषांना मात्र अगदी अपवादात्मक परिस्थितीतच. मला ही सुटी फार बोलकी वाटते. राज्याने बाईला यंत्रापाशी नेले, तिचे मानधन वाढवले, तिची मुले सांभाळली, आणि तरीही घरकाम कोणाचे या प्रश्नाला जुनेच उत्तर दिले, तेही सरकारी शिक्क्यानिशी. कायद्याने बाईच्या कामात एक नवे काम मिळवले, जुने वजा केले नाही. तुम्ही हे पद घेतले तर तुमच्याही वाट्याला नेमके हेच येण्याचा धोका आहे, आणि मी पुढे त्यावरच अधिक लिहिणार आहे.

आधी ‘पिढ्यान्‌पिढ्या’ या शब्दाकडे वळू. सासूबाई खोटे बोलत नाहीत, कारण त्यांनी जे पाहिले तेच त्या सांगतात. पण माणसाची आठवण साधारण आजीपर्यंत पोचते आणि त्यापलीकडचे सगळे आपल्याला अनादि वाटू लागते. जपानमध्ये ‘सुशील पत्नी, सुज्ञ माता’ हा स्त्रीचा आदर्श प्राचीन जपानी संस्कृतीचा गाभा म्हणून सांगितला जात असे. प्रत्यक्षात तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आधुनिक राष्ट्र उभारण्याच्या घाईत, शासनकर्त्यांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी घडवला आणि मुलींच्या शाळांतून पसरवला. १८९८ च्या नागरी संहितेने कुटुंबप्रमुखाला व्यापक अधिकार दिले आणि योद्ध्यांच्या वर्गातील घराण्याची शिस्त शेतकरी आणि कारागीर कुटुंबांनाही लागू केली. त्याआधी सामान्य लोकांत घटस्फोट सर्रास होत असत. त्यांचे प्रमाण त्या काळातील जगात अत्यंत वरचे होते आणि ही संहिता आल्यावर ते झपाट्याने उतरले. म्हणजे ज्या स्थिर, पतिपरायण जुन्या कुटुंबाची आठवण पुढच्या पिढ्या काढत राहिल्या, ते कुटुंब रेल्वेनंतर आलेले होते. मग युद्धातील पराभवानंतर वारे फिरले. १० एप्रिल १९४६ रोजी जपानी स्त्रियांनी प्रथमच संसदेसाठी मतदान केले आणि ३९ स्त्रिया निवडून आल्या. ३ मे १९४७ रोजी लागू झालेल्या संविधानाच्या चोविसाव्या कलमाने विवाहात पती-पत्नीला समान हक्क दिले. त्या कलमाचा मसुदा लिहिणाऱ्या, जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनात काम करणाऱ्या बिआते सिरोटा तेव्हा अवघ्या २२ वर्षांच्या होत्या. इतका मोठा बदल एका वर्षात कागदावर उतरला. पण कनिष्ठ सभागृहातील ३९ स्त्रियांचा तो आकडा ओलांडायला २००५ साल उजाडावे लागले. कायद्यानुसार पती-पत्नीला एकच आडनाव घ्यावे लागते आणि ते दोघांपैकी कोणाचेही चालते, तरी सुमारे ९५ टक्के जोडप्यांत पतीचेच आडनाव घेतले जाते.

राजकीय बदल बाईला नेहमी पुढेच नेतो, असेही समजू नका. आजच्या आग्नेय नायजेरियात इग्बो समाजातील स्त्रियांच्या स्वतःच्या सभा असत, बाजार त्यांच्या हाती असे, आणि एखाद्या पुरुषाने मर्यादा ओलांडली तर साऱ्या जणी मिळून त्याच्या दारात बसून गाण्यांतून त्याची झाडाझडती घेत. ब्रिटिशांचे राज्य आले तेव्हा अधिकाऱ्यांनी गावागावांत सनद देऊन प्रमुख नेमले, आणि ते जवळजवळ सगळे पुरुष होते. बाईचाही कारभारात वाटा असू शकतो, हे त्या अधिकाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हते. १९२९ च्या अखेरीस, स्त्रियांवर कर बसणार या शंकेवरून हजारो जणी उठल्या, आणि गोळीबारात पन्नासहून अधिक स्त्रिया मारल्या गेल्या. बाहेरून आलेल्या आधुनिक सत्तेने तिथे बाईचे जुने अधिकार काढून घेतले होते, आणि नंतर तेच तिथल्या परंपरेचे चित्र म्हणून नोंदले गेले.

तरीही संस्कृतीला स्वतःचे वजन असते हे मी नाकारत नाही, आणि सासूबाईंच्या बाजूने एवढे तरी म्हटले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ एस्टर बोसरप यांनी १९७० मध्ये असे मांडले की, जिथे जमीन कुदळीने कसली जात होती तिथे स्त्रिया शेतीत पुढे राहिल्या. जिथे जड नांगर आला, तिथे अंगबळाचे काम पुरुषांकडे गेले आणि बाई घराच्या आत सरकली. पुढच्या संशोधकांना असे आढळले की, नांगराच्या शेतीचा वारसा असलेल्या समाजांतून दुसऱ्या देशांत गेलेल्या लोकांच्या मुलांमध्येही, ज्यांनी नांगर पाहिलासुद्धा नसेल, बाईने घराबाहेर काम करण्याविषयी तुलनेने प्रतिकूल मते टिकून होती. कारण नाहीसे झाले तरी सवय मागे राहते. म्हणूनच सासूबाईंशी “हे जुनाट आहे” असा वाद घालून काही हाती लागणार नाही.

आणि सवय बदलायला किती वेळ लागतो, याचाही काही नियम नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५९ मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय मताधिकार द्यावा का, असे फक्त पुरुषांना विचारले गेले, कारण मतदार तेच होते. सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी नकार दिला. ७ फेब्रुवारी १९७१ रोजी पुन्हा विचारले तेव्हा सुमारे दोनतृतीयांश मतदारांनी होकार दिला. १२ वर्षांत डोंगर हलले नव्हते, धर्म बदलला नव्हता. स्त्रिया मात्र नोकऱ्यांत आल्या होत्या, संघटित झाल्या होत्या, १९६९ मध्ये राजधानीवर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. याच स्वित्झर्लंडच्या नागरी संहितेवरून तुर्कस्तानने १९२६ मध्ये आपली संहिता बेतली, आणि १९३४ मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत दिले, म्हणजे मूळ देशाच्या ३७ वर्षे आधी. भारताच्या संविधानानेही १९५० मध्ये प्रौढ स्त्री-पुरुषांना एकाच वेळी मताधिकार दिला. पण पती हा कुटुंबाचा प्रमुख, हे कलम स्वित्झर्लंडमध्ये १९८८ पर्यंत आणि तुर्कस्तानात २००२ पर्यंत टिकले. मतपेटीपर्यंतचा रस्ता आणि घराच्या उंबरठ्याच्या आतला रस्ता एकाच वेगाने तयार होत नाहीत, हे मुलीला समजावून सांगताना ही दोन नावे उपयोगी पडतील.

मुलीचा कायद्यावरचा विश्वास मोडू नका. तो विश्वासच तिला पुढे नेणार आहे. फक्त त्याला इतिहासाची जोड द्या. तिला सांगा की सत्ता जेव्हा बाईला काही देते तेव्हा ती स्वतःची गरजही पाहत असते. सोव्हिएत राज्याने १९१७-१८ मध्ये घटस्फोट सोपा केला, विवाहात समान हक्क दिले आणि १९२० मध्ये गर्भपात कायदेशीर केला. असे पाऊल उचलणारे ते पहिले आधुनिक राज्य. स्त्रियांसाठी पक्षाचा स्वतंत्र विभाग होता. १९३० मध्ये, स्त्रीप्रश्न सुटला असे मानून तो बंद केला गेला. १९३६ मध्ये लोकसंख्या वाढवण्याची निकड भासली तेव्हा गर्भपातावर बंदी आली, घटस्फोट अवघड झाला. १९४४ मध्ये दहा किंवा अधिक मुलांच्या आईला ‘वीरमाता’ हा किताब देण्याचे ठरले. राज्यव्यवस्था तीच, घोषणाही त्याच, आणि वीस वर्षांच्या आत बाईची भूमिका दोनदा नव्याने लिहिली गेली. इराणमध्ये १९३६ मध्ये राजाच्या हुकमाने पोलीस रस्त्यावर स्त्रियांचे आच्छादन उतरवत होते. १९७९ च्या क्रांतीनंतर ते सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले गेले तेव्हा ८ मार्चला हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या, तरीही १९८३ पर्यंत सक्तीचा कायदा झाला. दोन्ही वेळी बाईच्या अंगावरचे वस्त्र हा राज्यकर्त्यांचा झेंडा होता आणि दोन्ही वेळी तिला विचारले गेले नाही. अफगाणिस्तानातील ज्या मुली तुमच्या मुलीच्याच वयाच्या आहेत, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२१ नंतर माध्यमिक शाळांची दारे बंद झाली आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचीही. हे लिहिताना माझा हात जड होतो. “कायद्यानं सगळे समान आहेत” हे वाक्य बरोबर आहे, पण ते वर्तमानकाळातले वाक्य आहे. ते भविष्यकाळातही खरे राहावे, यासाठी तुमच्या मुलीच्या पिढीला जागे राहावे लागेल.

तिला आइसलँडचीही गोष्ट सांगा. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी एक दिवस काम थांबवले. कार्यालयातले थांबवले आणि घरातलेही. शाळा, दुकाने, मासळीचे कारखाने अडले, आणि वडील मुलांना घेऊन कामावर गेले. पुढच्या वर्षी समतेचा कायदा झाला आणि १९८० मध्ये विग्दिस फिनबोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या, आणि १६ वर्षे त्या पदावर राहिल्या. या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते घरकामाचे थांबणे. केवळ नोकरी थांबवली असती तर तो एक संप ठरला असता. घरकाम थांबले तेव्हा ते काम आहे, हे देशाला दिसले.

आता सासूबाई. त्यांना तुम्ही विरोधक समजू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तुर्की अभ्यासक डेनिझ कँडियोटी यांनी १९८८ मध्ये एका लेखात दाखवून दिले की, पुरुषप्रधान कुटुंबातील बाई नुसती दबलेली नसते, तर तिने त्या व्यवस्थेशी एक न बोललेला करार केलेला असतो. तरुणपणी ती सोसते, राबते, गप्प राहते, आणि त्या बदल्यात म्हातारपणी तिला मान, मुलाचा आधार आणि सुनेची सेवा मिळणार असते. सासूबाईंनी त्यांचा हप्ता पूर्ण भरला आहे. परतफेडीची वेळ आली आणि नेमके त्याच वेळी नियम बदलत आहेत, असे त्यांना दिसते. त्यांच्या जागी कोणीही घाबरेल. “ते मोडून कुणाचं भलं झालं नाही” या वाक्यामागे बहुधा “मग माझं कोण बघणार?” हा प्रश्न असावा. म्हणून त्यांच्याशी संस्कृतीविषयी बोलू नका, त्यांच्याविषयी बोला. तुम्ही बाहेरगावी असताना त्यांची औषधे कोण देणार, रात्री घरात कोण असणार, त्यांनी फोन कोणाला करायचा, हे नेमके सांगा. आणि एखाद्या निवांत संध्याकाळी त्यांना विचारा की, तुमच्या लग्नाच्या वेळी काय करायला मिळाले असते तर आवडले असते. त्या कदाचित उत्तर टाळतील. पण त्यांच्या आयुष्यातही कोणाच्या तरी निर्णयाने एखादे दार बंद झाले असेल, तर ते त्यांना आठवेल, आणि मुलीने ते ऐकलेले बरे.

आता यजमानांचे वाक्य. नॉर्वेत वडिलांना बालसंगोपनाची रजा १९९३ पूर्वीही घेता येत होती, आणि फारच थोडे पुरुष ती घेत. १९९३ मध्ये त्या रजेतील चार आठवडे केवळ वडिलांसाठी राखून ठेवले गेले. ते पत्नीला देता येत नसत, घेतले नाहीत तर वाया जात. काही वर्षांतच बहुसंख्य वडील ते घेऊ लागले. नॉर्वेतील पुरुषांचे मन चार वर्षांत बदलले, असे मला वाटत नाही. बदलले ते एवढेच की रजा घेणाऱ्या पुरुषाला आता साहेबांसमोर किंवा मित्रांसमोर स्पष्टीकरण द्यावे लागत नव्हते, आणि पत्नीला आर्जव करावे लागत नव्हते. काम त्याच्या नावावर होते.

आपल्या भाषेत घरकामाबाबत पुरुषांसाठी एक शब्द फार वापरला जातो, तो म्हणजे ‘मदत’. “मी तिला घरात मदत करतो” असे चांगले, समंजस पुरुष अभिमानाने म्हणतात. पण मदत दुसऱ्याच्या कामात करायची असते. तो शब्द उच्चारला की काम बाईचे ठरते आणि पुरुषाचा वाटा उपकार ठरतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील बिनपगारी संगोपन आणि घरकामाच्या एकूण तासांपैकी ७६.२ टक्के तास स्त्रिया देतात. हा भार मदतीने हलणार नाही, तो नावावर चढवावा लागेल. तुम्ही यजमानांना त्यांच्याच वाक्यापासून सुरुवात करून विचारा, “घर सांभाळून म्हणजे नेमके काय काय सांभाळून?” आणि दोघांनी मिळून आठवड्याची सगळी कामे कागदावर उतरवा. हातांनी करायची कामे लिहाच, पण डोक्यात ठेवायची कामेही लिहा : बिले कधी भरायची, सासूबाईंची तपासणी कधी, मुलीच्या परीक्षेचा अर्ज, कोणती वस्तू संपत आली. ही दुसरी यादी बहुतेक घरांत एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते आणि ती कधी दिसत नाही. ती कागदावर आली की यजमान स्वतःच चकित होतील, असा माझा अंदाज आहे, कारण तुमच्या पत्रावरून ते वाईट मनाचे वाटत नाहीत, त्यांनी फक्त कधी मोजले नसावे. मग काही कामे पूर्णपणे त्यांच्या नावावर करा. पूर्णपणे म्हणजे आठवण करून देण्याची जबाबदारीही तुमची नाही. मुलीच्या नावावरही काही कामे येऊ द्या. समतेची भाषा बोलणाऱ्या मुलीच्या ताटाखालचा पाट आईनेच मांडावा, हे योग्य नव्हे.

पद घ्यावे का, असे तुम्ही सरळ विचारले आहे, म्हणून सरळ सांगते : घ्या. सोळा वर्षांच्या कामाने ते तुमच्याकडे आले आहे, आणि तुम्ही नकार दिलात तर कोणीही जबरदस्ती केलेली नसताना, केवळ एका सौम्य वाक्याखातर ते जाईल. वाढीव पगार तुमच्या स्वतःच्या नावाच्या खात्यात जमा होऊ द्या. फ्रान्समधील विवाहित स्त्रीला पतीच्या संमतीवाचून स्वतःचे खाते उघडण्याचा आणि नोकरी धरण्याचा हक्क १९६५ मध्ये मिळाला, इतकी ती गोष्ट अलीकडची आहे, आणि म्हणूनच ती गृहीत धरू नये. संस्थेलाही दोन गोष्टी विचारा : प्रवासाचे दिवस किमान तीन आठवडे आधी कळतील का, आणि त्यांतले काही काम दूरस्थ बैठकीत होऊ शकेल का. हे विचारल्याने तुमची निष्ठा कमी ठरत नाही. पुरुष विभागप्रमुखानेही हेच विचारायला हवे होते, त्याच्या घरी कोणीतरी सांभाळत होते म्हणून त्याला ते सुचले नाही, इतकेच.

पहिले दोन-तीन महिने घरात काही गोष्टी बिघडतील. एखादे बिल राहील, एखादी तपासणी चुकेल, आणि सगळे तुमच्याकडे पाहतील. त्या क्षणी धावत जाऊन ते काम परत स्वतःकडे घेण्याचा मोह होईल, कारण आपल्याला लहानपणापासून तेच शिकवले गेले आहे, मलाही. तुम्ही बाहेरगावी असताना घरून फोन आला आणि अमुक वस्तू कुठे आहे असे कोणी विचारले, तर ती वस्तू सांभाळणे कागदावर ज्यांच्या नावे आहे त्यांना विचारायला सांगा, आणि पुन्हा तुमच्या बैठकीत जाऊन बसा. तीन महिन्यांनी तो कागद सर्वांसमोर पुन्हा काढा, सासूबाईंनाही बसवा, आणि काय टिकले, काय घसरून पुन्हा तुमच्याकडे आले ते पाहा. जमले तर तेव्हा मला लिहा.

तुमची,
सदरलेखिका